हुकलेल्या नेमाचा हिशेब

लोहाऱ्यात मला अजून काही जण शिकारी मास्तर म्हणतात. बंदूक सोडून पन्नास वर्षं होत आली, शाळेतली नोकरी संपूनही मोठा काळ लोटला, तरी ते नाव सुटलेलं नाही. अलीकडे आमच्या भागात तरुण पोरांच्या हातात एअरगन दिसू लागल्या आहेत. त्यांतली एक-दोन पोरं घरी येऊन विचारून गेली, "आजोबा, बसल्यालं पाखरू लागतंय, उडाल्यालं लागत न्हाई. कसं करावं?" पाखरं मारू नका, तो गुन्हा आहे, एवढंच मी तेव्हा म्हणालो. पोरांनी माना हलवल्या, आणि दुसऱ्या दिवशी माळावरून पुन्हा आवाज आले. नुसत्या मनाईने कुणी थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो. म्हणून माझा नेम कसा गेला, तो परत आणायला मी काय काय केलं आणि त्यात किती जीव वाया गेले, ते क्रमाने लिहून ठेवतो.

आमच्या घरात बारा बोअरची दुनळी बंदूक होती. वडिलांनी ती पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतली होती. रानडुकरांचा आणि हरणांचा त्रास तेव्हाही होता. वडिलांच्या मागे परवाना माझ्या नावावर झाला. ज्यांनी अशी बंदूक हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. रायफलीतून एक गोळी जाते, या बंदुकीतून छर्रे जातात. सहा नंबरच्या एका काडतुसात अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, साधारण पावणेतीनशे छर्रे असतात. नळीतून निघाले की ते पसरू लागतात. पस्तीस-छत्तीस मीटरपर्यंत त्यांतले निम्म्याहून अधिक छर्रे अडीच फुटांच्या वर्तुळात राहतात. त्यापलीकडे ते इतके विरळ होतात की पाखराच्या वाट्याला एखाददुसराच येतो. ही शेवटची गोष्ट मला तोंडपाठ होती. तिचा अर्थ कळायला फार उशीर झाला.

तेव्हाचं लोहारा आजच्यासारखं नव्हतं. आमचा तालुका बालाघाटच्या पठारावर आहे. तेरणेच्या काठाने काळी जमीन आणि वर चढत गेलं की मुरमाड माळ. काळ्या रानात रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा आणि बांधाने तूर. माळावर कुसळी गवत आणि बोरी-बाभळी. सोयाबीन नव्हतं, ऊस अगदी थोडा. अशा रानात तित्तर भरपूर. पहाटे बांधाबांधावरून त्यांची एकमेकांना हाक-ओ सुरू व्हायची. गवतात लावे असायचे, पायाखालून एकदम दहा-बारा उठायचे. माळावर पखुर्ड्या, नांगरलेल्या रानात चंडोल, आणि ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवेच्या थवे. माळढोकही अधूनमधून दिसायचा. ठराविक महिन्यांत परवाना काढून लहान पाखरांची शिकार करायला तेव्हा कायद्याची मुभा होती.

उडता तित्तर पाडणं सोपं नाही. तो उठतो तेव्हा पंखांचा असा मोठा फडफडाट होतो की नवखा माणूस जागीच थबकतो. तेवढ्यात तो वीस मीटर गेलेला असतो. मला ते जमायचं. पंचविशीत असल्यापासून जमायचं. पाव्हणेरावळे आले की "मास्तर, जरा रानाकडं जाऊन या," असं लोक सहज म्हणायचे आणि मी जाऊन यायचो. मोकळ्या हाताने परतण्याची वेळ क्वचित यायची. चावडीवर, पाराखाली, लग्नाच्या पंगतीत माझ्या नेमाची गोष्ट निघायची. शाळेत मी चांगलं शिकवतो असं मात्र कुणी कधी म्हटल्याचं आठवत नाही. म्हणजे माझा सगळा मान त्या दुनळीवर उभा होता, आणि तो तसा उभा आहे हे मला आवडत होतं. पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ इथेच आहे.

१९७१ ची दिवाळी झाली आणि हंगामाच्या सुरुवातीलाच नेम गेला. पावसाळाभर घरात पडून असलेली काडतुसं घेऊन मी बाहेर पडलो होतो. त्या वेळी काडतुसाची नळकांडी कागदाची असायची. दमट हवेत ती फुगायची, नळीत घट्ट बसायची. पहिलाच तित्तर उठला तेव्हा मी घाईत बंदूक उचलली. अंगावर जाड स्वेटर होता, दस्ता त्यात अडकला आणि खांद्याच्या खळग्यात बसण्याऐवजी गळ्याजवळच्या हाडावर बसला. बार झाला तसा त्या हाडावर असा दणका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तित्तर गेला. हाड काळंनिळं झालं, आठवड्याभरात बरंही झालं. पण त्यानंतर मला उडतं पाखरू लागेना.

नेम जातो तेव्हा काय होतं हे ज्याच्यावर आलं नाही त्याला सांगून कळत नाही. हात तोच असतो, बंदूक तीच असते, रान तेच असतं. पाखरू उठतं, बार होतो, आणि पाखरू तसंच बांधापलीकडे उतरतं. पहिल्यांदा वाटतं आज वारा होता. दुसऱ्यांदा वाटतं ऊन डोळ्यांवर होतं. मग मन कारणं शोधायचं थांबवतं आणि बार काढण्याआधीच सांगू लागतं की हा चुकणार. मी माणसांना बरोबर नेणं बंद केलं. सालगडी बरोबर यायचा, त्यालाही टाळू लागलो. भल्या पहाटे एकटाच जायचो आणि गाव उठायच्या आत मागच्या वाटेने घरी यायचो. घरी चिडचिड, शाळेत चिडचिड. बायको एकदा म्हणाली, "अवो, एवढं कशाला जिवाला लावून घेता? पाखरंच ती." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आता चुका सांगतो.

पहिली चूक म्हणजे मी दोष काडतुसांना दिला. सोलापूरला जाऊन नवी आणली. लहान छर्ऱ्यांची आणली, म्हणजे संख्या जास्त आणि लागण्याची शक्यता जास्त, असा माझा हिशेब. तित्तरासाठी ते छर्रे हलके होते. लांबवर गेले की त्यांचा जोर संपायचा. छर्रा पाखराला जखम करायचा, पण पाडायचा नाही.

दुसरी चूक अंतराची. चांगल्या दिवसांत मी लांबचा बार कधी टाकला नव्हता. नेम गेल्यावर एकही संधी सोडवेना. चाळीस मीटर, पन्नास मीटर, जिथे दिसेल तिथे चाप ओढू लागलो. आपल्याला अजून येतं हे स्वतःलाच पटवून द्यायचं होतं.

तिसरी चूक थव्यावर बार टाकण्याची. एक पाखरू निवडून त्याच्यावरच नजर ठेवायची, हा या विद्येतला पहिला धडा. थवा दिसतो भरलेला. प्रत्यक्षात त्यात पाखरांपेक्षा मोकळी जागाच जास्त असते. मी लाव्यांच्या थव्यात सरळ दोन्ही नळ्या मोकळ्या करू लागलो. कधी एखादा पडायचा. बाकीच्यांतल्या किती जणांना छर्रे लागले ते पाहायला मी थांबलो नाही.

चौथी चूक सरावाची, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. त्या वर्षी ज्वारीवर भोरड्या उतरल्या होत्या. मध्य आशियातून येणारी ही पाखरं आपल्याकडे हिवाळाभर राहतात, कणसं खातात. राखणीला बाया-पोरं गोफणी घेऊन माळ्यावर बसायची. मी म्हणालो, मी राखतो. शेतकऱ्यांनी आनंदाने होकार दिला. मी मात्र तिथे हात बसवायला गेलो होतो. दाट थव्यावर बार टाकला की पाच-सहा खाली यायच्या, त्यांतल्या काही ताटांत फडफडत राहायच्या. मी त्या उचललेल्याही नाहीत. खायच्या नव्हत्या, मोजायच्या नव्हत्या. हीच भोरडी आपल्या मुलखात परतली की टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवते, हे पुढे वाचनात आलं. तेव्हा माझ्या लेखी ती हलणारी खूण होती.

इतकं करूनही उडता तित्तर लागेना. होळीच्या सुमारास करडईची काढणी चालू होती. आमच्या सालगड्याची आई, सगळे तिला आक्का म्हणायचे, एक वाळून हलका झालेला तित्तर पायाला धरून घेऊन आली. "मास्तर, हे बगा, करडईत घावलं. तुमचंच असंल." त्या पाखराच्या पोटाजवळ एक छर्रा होता. चार-पाच दिवसांनी तिने आणखी एक दाखवला. मग बांधाच्या कडेला पंखात छर्रा बसलेला, चालता येणारा पण उडता न येणारा एक. तोही रात्रीत मांजराने नाहीतर कोल्ह्याने नेला.

तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी ज्यांना चुकलेले बार म्हणत होतो त्यांतले कितीतरी चुकलेले नव्हते. एखाददुसरा छर्रा घेऊन पाखरू उडत गेलं होतं, दोनशे-तीनशे मीटरवर उतरलं होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठेतरी तुरीत मेलं होतं. मी रिकाम्या पिशवीकडे पाहून स्वतःची कीव करत होतो आणि रान माझ्या मारलेल्या पाखरांनी भरलं होतं. त्या हंगामात मी चांगल्या हंगामापेक्षा जास्त पाखरं मारली असणार. आक्काने ती माझ्यासमोर आणून ठेवली आणि मी काय केलं? सालगड्याला सांगितलं, सापडली तर पुरून टाका, गावात नेऊ नका. लोकांनी मास्तरचा हात गेला म्हणू नये, एवढीच मला काळजी होती.

त्या वर्षीचा पावसाळा पुरता कोरडा गेला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वर्णनाची गरज नाही. विहिरी आटल्या, कडबा संपला, जनावरं कवडीमोलाने गेली. रस्त्यांवर खडी फोडायची कामं निघाली, पाझर तलाव खोदले गेले. लोकांनी मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. मला पगार होता, जुनी ज्वारी पेवात होती. माझ्या घरात चूल विझली नाही. त्या वर्षी पाखरं मारण्याची मला पोटासाठी गरज नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

त्याच हिवाळ्यात माझा आजार कुणीतरी ओळखला. निजामाच्या फौजेत नोकरी केलेले एक वृद्ध जमादार गावात होते. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. मी त्यांच्याकडे कधी विचारायला गेलो नव्हतो. विचारणं म्हणजे कबूल करणं. एक दिवस माळावर तेच भेटले. माझा एक बार पाहिला आणि म्हणाले, "बंदूक इकडे द्या. मी भरून देतो, तुम्ही त्या दगडावर मारा." त्यांनी पाठ करून बंदूक भरली आणि दिली. मी दस्ता खांद्याला लावला, चाप ओढला. नुसता 'टक' आवाज झाला. चाचांनी नळीत आधीच वाजलेलं रिकामं काडतूस घातलं होतं. पण बार न होताही माझ्या बंदुकीचं तोंड वीतभर खाली गेलं होतं, मान वर झाली होती आणि डोळे गच्च मिटले होते.

"मास्तर, बार तर झालाच नाही. बंदूक खाली कशाला गेली?"

वर्षापूर्वी हाडावर बसलेला दणका शरीराने लक्षात ठेवला होता. चाप ओढायच्या क्षणी ते त्या दणक्याला घाबरून आधीच आक्रसत होतं. डोळे मिटायचे, गाल दस्त्यावरून उठायचा, नळी थांबायची. या बंदुकीला मागची दर्शनी खूण नसते. नेमबाजाचा डोळाच ते काम करतो. गाल उठला की डोळा वर जातो आणि छर्रे पाखराच्या वरून निघून जातात. नळी थांबली तर छर्रे मागे पडतात. तित्तर ताशी पन्नास किलोमीटरने आडवा जात असेल तर तीस मीटरवर छर्रे पोचेपर्यंत तो चार फुटांहून अधिक पुढे गेलेला असतो. धावत्या पोराकडे चेंडू टाकताना तो आहे तिथे न टाकता पोचेल तिथे आपण टाकतो, तसंच हे. नळी पाखरामागून आणायची, त्याला ओलांडू द्यायची आणि चाप ओढल्यावरही फिरती ठेवायची. चाचांनी मला रिकामी बंदूक रोज संध्याकाळी घरात उचलायला लावली. गाल दस्त्याला, दस्ता खळग्यात, दोन्ही डोळे उघडे. काही आठवड्यांत भीती गेली.

इथपर्यंतची गोष्ट मी अनेकांना सांगितलेली आहे. नेम गेला, गुरू भेटला, नेम परत आला. लोकांना ती आवडते. याच्या पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

नेम परत आला आहे याची मला खात्री करून घ्यायची होती. दुष्काळात तित्तर-लावे फार कमी उरले होते. खात्री होण्यासाठी पुष्कळ पाखरं पाहिजेत, आणि पुष्कळ पाखरं एकाच ठिकाणी येत होती. तेरणेच्या कोरड्या पात्रात मैलोगणती वाळू होती, मधेच एखादा डोह शिल्लक. भोवतालच्या सगळ्या माळांवरच्या पखुर्ड्या सकाळी तिथे पाण्याला यायच्या. पखुर्डी कोरड्या बियांवर जगते, त्यामुळे तिला रोज पाणी लागतं. ऊन जरा वर आलं की त्या टोळीटोळीने, आपसात गुटगुटत, वेगाने यायच्या, डोहावर एक फेरी मारायच्या आणि काठावर उतरून घटाघट पाणी पिऊन क्षणात उडायच्या. मी काठाच्या दरडीआड बसलो. उडत्या पखुर्ड्यांवर पहिले बार टाकले आणि त्या पडल्या. वर्षभर हरवलेलं काहीतरी हातात परत आल्यासारखं वाटलं. मी रोज जाऊ लागलो.

आक्का आणि सालगडी तेव्हा जवळच्याच दुष्काळी कामावर होते. एका सकाळी ती घागर घेऊन डोहावर आली. माझ्यापुढे पडलेली पाखरं पाहून तिथेच उभी राहिली. "मास्तर, पान्याला आल्याल्याला मारू न्हाई." बस्, एवढंच म्हणाली. मी तिला सांगितलं, सरकारची बंदी नाही. तसं म्हणायला आधार होता. पुढे लागू झालेल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही पाणवठ्यावर शिकार करायला मनाई करताना पखुर्ड्या आणि पाणपक्षी वगळले होते. पण तेव्हा हंगामाचे महिने संपले होते की नाही हे मी पाहिलं नव्हतं. माघ सरत आला होता, आणि मी विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं की पाखरं अंड्यांवर आहेत. मी विचारलं नाही. मारलेली पाखरं मी कामावरच्या लोकांत वाटली आणि त्यालाच मदत म्हणालो. उपाशी माणसं ती घेत होती, म्हणून मला कुणी दोष देऊ शकत नव्हतं.

एक गोष्ट मला तेव्हाही दिसली होती. माद्या पाणी पिऊन लगेच जायच्या. काही नर मात्र पाण्यात थोडे आत शिरून पोट बुडवून बसायचे, अंग हलवून पिसं घुसळायचे आणि बराच वेळ तसेच राहायचे. त्यांच्यावरचा बार सर्वांत सोपा. उडत्या पाखरांवर नेम धरायचा म्हणून गेलेलो मी थोड्याच दिवसांत या बसलेल्या नरांवर बार टाकू लागलो, कारण ते चुकत नसत आणि माझी मोजदाद वाढत असे. उचलताना त्यांचं पोट चिंब ओलं लागायचं. पाण्यात पडलं म्हणून ओलं, असं मी समजलो. वाळूवर पडलेल्या नरांचंही पोट ओलं होतं, याचा विचार केला नाही.

त्याचा अर्थ मला काही वर्षांनी एका इंग्रजी मासिकात सापडला. पखुर्डीची पिल्लं जमिनीवरच्या उघड्या खळग्यात जन्मतात, पहिल्या दिवसापासून स्वतः दाणे टिपतात, पण उडता येईपर्यंत पाण्यापर्यंत पोचू शकत नाहीत. पाणवठा कित्येक किलोमीटर लांब असतो. त्यांचं पाणी आणायचं काम मुख्यतः बाप करतो. नराच्या पोटावरच्या पिसांची घडण अशी असते की ती पाणी शोषून धरतात. तो डोहात बसून पिसं भिजवतो, उडत पिल्लांपाशी जातो, ताठ उभा राहतो आणि पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोचीतून ओढून पाणी पितात. मीड-वॉल्डो या इंग्रज पक्षिपालकाने १८९६ मध्ये आपल्या पिंजऱ्यातल्या पाखरांत हे पाहून लिहिलं, तर जाणकारांनी विश्वास ठेवला नाही. टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन या दोघांनी कालाहारीच्या वाळवंटातल्या पखुर्ड्यांवर काम करून १९६७ मध्ये ते सिद्ध केलं. एक नर अशा रीतीने वीस-पंचवीस मिलिलिटर पाणी नेऊ शकतो.

मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. ज्या नरांचं पोट ओलं होतं त्यांतल्या बहुतेकांची पिल्लं माळावर कुठेतरी वाट पाहत असणार. शतकातल्या एका भीषण दुष्काळात, जेव्हा त्या माळावर दुसरं पाणी नव्हतं, तेव्हा मी त्यांचं पाणी आणणारा मारत होतो. एका नरामागे दोन-तीन पिल्लं. ती माझ्या पिशवीत कधी आली नाहीत, माझ्या नेमाच्या गोष्टीत आली नाहीत, आक्कालाही दिसली नाहीत.

मी ताबडतोब बंदूक टाकली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. १९७२ चा कायदा आपल्या राज्यात लागू झाल्यावरही मी काही वर्षं चोरून तित्तर मारले. कायदा नवा होता, माळ मोकळा होता, विचारणारं कुणी नव्हतं. मासिकातलं ते वाचल्यानंतर मात्र दस्ता खांद्याला लावावासा वाटेना. काही दिवसांनी बंदूक परवान्यासकट जमा केली. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले, तोवर मी त्यातून बाहेर पडलो होतो. चाचा तेव्हा नव्हते. आक्का होती. तिला मी हे सगळं सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

मारलेल्या प्रत्येक पाखराचा हिशेब ठेवणारी माणसंही होती, हे मला पुढे कळलं. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला मुलूख तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यांनाही बंदूक वापरावी लागे. पण त्यांच्या प्रत्येक पाखराला चिठ्ठी असे: तारीख, ठिकाण, नर की मादी. लहानपणी त्यांनीही हौसेने एअरगन चालवली होती. गळ्याशी पिवळा ठिपका असलेली एक चिमणी त्यांनी पाडली, आणि ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेले. तिथून त्यांचं आयुष्य बदललं. मी इतकी पाखरं हातात घेतली आणि एकाबद्दलही कुणाला काही विचारलं नाही. ओल्या पोटाचा नर हातात धरून मी हा ओला का, एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुष्कळ जीव वाचले असते.

आज तो डोह शोधायला गेलं तर सापडणार नाही. तेरणेवर माकणीला धरण झालं. हिवाळ्यात तिथे बदकं उतरतात. मुरमाड माळ पोकलेनने सपाट करून लोकांनी सोयाबीन पेरलं. तित्तर अजून ओरडतो, पण पूर्वी प्रत्येक बांधावर असायचा तसा नाही. पखुर्ड्या कधीतरी दिसतात. माळढोक आमच्या बाजूला दिसेनासा झाला. त्याच्यासाठी १९७९ मध्ये नान्नजला अभयारण्य झालं, तरी सोलापूरच्या माळांवरही तो आता जवळजवळ उरलेला नाही. त्याची कारणं अनेक आहेत. गवताळ माळ गेले हे मोठं कारण, आणि बंदुका हेही एक कारण. माझ्यासारख्या प्रत्येकाने स्वतःला त्यात धरलं पाहिजे.

एअरगन घेऊन फिरणाऱ्या पोरांना मला आता पुरतं उत्तर द्यायचं आहे. कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून तिने पाखरं मारायला हरकत नाही असं तुम्हांला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. हत्यार कोणतंही असो, तित्तर, लावा, पखुर्डी मारणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कैदेच्या भीतीपेक्षा मोठी गोष्ट सांगतो. तुमचा छर्रा लागून पाखरू उडून गेलं तर तुम्ही नेम चुकला म्हणता. ते चुकलेलं नसतं. ते पलीकडच्या तुरीत जाऊन दोन दिवसांनी मरतं, आणि त्याची पिल्लं त्याहून उशिरा मरतात. उडत्या पाखरावर नेम कसा धरायचा हे मला येतं. ते मी तुम्हांला शिकवणार नाही.

नेमबाजीची आवड वाईट नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक आणलं. त्याच जिल्ह्यातली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिकला विश्वविजेती झाली. उडत्या खुणेचीच हौस असेल तर हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या फोडायचा ऑलिंपिक खेळ आहे. राज्यवर्धन राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला त्यात रौप्यपदक मिळवलं. पुठ्ठ्यावर नेम धरा, तबकडी फोडा, स्पर्धेला जा. शेजारच्या रानात कुणी एअरगन घेऊन पाखरांमागे दिसला, फासे किंवा जाळी लावलेली दिसली, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि उन्हाळ्यात शेतात विहीर किंवा शेततळं असेल तर काठाला एक उथळ खळगा पाण्याने भरून ठेवा. पखुर्डीच्या नराला पोट भिजवायला तेवढं पाणी पुरतं.